चौथा काजवा

मकरंद रणदिवे गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या काजव्यानं रोजच्यासारखी नोंद पाठवली.

ऋजुता भालेराव तेव्हा कॉफीची पिशवी तोंडाला लावून पडद्यासमोर बसली होती. 'शर्मिष्ठा' यानावर सकाळ म्हणजे दिव्यांचा रंग पिवळ्याचा पांढरा होणं, एवढंच. मंगळ मागे पडल्यापासून खिडकीबाहेर एकच काळोख होता. पडद्यावर चार ओळी होत्या. पहिली कप्तान विश्राम नाडकर्णींची, दुसरी यानाच्या डॉक्टर यामिनी रणदिवे यांची, तिसरी ऋजुताची स्वतःची. चौथी ओळ आज कोरी असणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. ती कोरी नव्हती.

'मकरंद रणदिवे. किरणमात्रा नेहमीपेक्षा अधिक. काजवा अंगावर.'

त्या 'अंगावर' या शब्दाकडे ती बराच वेळ बघत राहिली. कॉफी गार झाली.

काजव्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे. बत्ताशाएवढी एक चकती, छातीशी, कपड्याच्या आत बसवलेली. एखादा जड कण आरपार गेला की ती हिरवी लुकलुकायची, म्हणून मकरंदनंच तिचं बारसं केलं होतं. ऋजुताचे वडील जळगावच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. त्यांच्या खिशालाही असाच एक बिल्ला असायचा. लहानपणी तिला ते शौर्यपदक वाटे. तो बिल्ला तीन महिन्यांनी तपासायला जायचा आणि तोवर अंगात काय शिरलं ते कुणालाच कळायचं नाही. काजवा त्याच क्षणी सांगायचा.

आणि सांगण्यासारखं बरंच होतं. पृथ्वीवर माणसाच्या डोक्यावर दोन पांघरुणं असतात, एक हवेचं आणि एक चुंबकीय क्षेत्राचं. ती ओलांडली की माणूस उघडा पडतो. कधीकाळी फुटून गेलेल्या ताऱ्यांचे कण प्रकाशाच्या जवळपास वेगानं सगळ्या दिशांनी येत असतात आणि लोण्यातून तापलेली सुई जावी तसे अंगातून जातात. जाता जाता पेशींतले धागे तोडतात. कुठला धागा तुटला ते वर्षांनी कळतं, किंवा कळतच नाही. यानाच्या भिंती त्यांना अडवू शकत नाहीत. ते मोजायचे, इतकंच हातात असतं. सूर्याची वादळं मात्र वेगळी. ती अचानक येतात आणि काही तासांत माणूस मारू शकतात, पण पाण्याच्या जाड भिंतीआड बसलं तर टळतात. अशा वेळी काजवा ओरडून सांगायचा.

मोजणी खरी व्हायची तर काजवा अंगावर हवा. पूर्वीचे अंतराळवीर आपले बिल्ले खुंटीला अडकवून मोकळे व्हायचे. म्हणून काजवा बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली होती. चकतीत एकाखाली एक तीन पातळ थर होते, त्यामुळे प्रत्येक कण कुठल्या बाजूनं आला ते कळायचं. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी. ते पाठीमागून येणारे काही कण अडवतं. भिंतीला पाठ लावून उभ्या माणसाला मागून पाऊस लागत नाही, तसंच हे. काजव्याला आपल्यामागे शरीराची सावली जाणवायची. सावली असली की 'अंगावर', नसली की 'काढलेला'.

माणूस जिवंत आहे की नाही, हे त्याला कळत नसे. त्याला फक्त सावली कळायची.

आदल्या दिवशी मकरंद यानाची उष्णता बाहेर टाकणारे मोठे पत्रे दुरुस्त करायला गेला होता. नेहमीचंच काम. कोल्हापूरचा तो गडी कानातल्या यंत्रावर सगळ्यांना ऐकू जाईल असं गुणगुणत होता. थंडाव्यासाठी फिरवलेल्या अमोनियाची एक नळी सांध्यात फुटली. फवारा सरळ त्याच्या शिरस्त्राणावर बसला आणि काचेची कड तडकली. "सर, जरा..." एवढंच ऐकू आलं. नाडकर्णी बाहेर पोचले तोवर सगळं संपलं होतं. पोशाखावर अमोनियाचा बर्फाचा थर साचला होता. तसाच आत आणला असता तर यानातली हवा विषारी झाली असती. नाडकर्णींनी वाट बघितली, खरवडून बघितलं, शेवटी दोर सोडला आणि त्याला हलकेच बाजूला लोटलं. यामिनी हवाकोठडीच्या आतल्या दारापाशी, त्या छोट्या गोल काचेला तोंड लावून उभी होती. नवऱ्याचा चेहरा तिला दिसलाच नाही.

अंतराळात लोटलेली वस्तू मागे पडत नाही. यान ज्या वेगानं, ज्या वाटेनं पृथ्वीकडे चाललं होतं, त्याच वेगानं, त्याच वाटेनं मकरंदही चालला होता. फक्त दिवसाला कोसभर बाजूला सरकत.

ऋजुतानं नाडकर्णींना ओळ दाखवली. पाणबुड्यांवर उमेदीची वर्षं काढलेल्या त्या माणसानं ती दोनदा वाचली.

"बॅटरी किती चालेल?"

"वर्षानुवर्षं, सर. कंजूषच आहे तो ऊर्जेचा, लागतेच कितीशी!"

"ओळ काढून टाक. डॉक्टरांना दिसायला नको."

तिनं काढली असती. पण संध्याकाळी यामिनीच तिच्या मागे येऊन तरंगत उभी राहिली. केस नीट बांधलेले, चेहरा कोरडा.

"आपल्या चौघांचे आकडे मी रोज बघते, ऋजुता. आजही बघितले," ती म्हणाली. "पुसू नकोस ते. तुला वेड्यासारखं वाटेल, पण कुठंतरी त्याचं नाव चालू आहे, एवढंच मला पुरे आहे."

ऋजुतानं ओळ राहू दिली. यात काही वाईट आहे असं तेव्हा तिला वाटलं नाही.

मग रोजचा परिपाठच पडला. सकाळी यामिनी यायची आणि विचारायची, "आज मकरंद किती?" ऋजुता आकडा सांगायची. यामिनी मान हलवून कामाला लागायची. काम तिचं चोख होतं. रक्ततपासण्या, नाडकर्णींच्या गुडघ्याचे व्यायाम, औषधांची कपाटं, कशात तसूभर फरक नव्हता. पृथ्वीवरच्या नियंत्रण केंद्रातल्या मानसतज्ज्ञांनी कळवलं की दुःख पचवायची ज्याची त्याची रीत असते, मध्ये पडू नका.

पुढे एकदा ऋजुताचं रक्त काढताना, सुई दंडात असतानाच, यामिनी अगदी सहज म्हणाली, "मकरंदचं राहिलंय गं या महिन्याचं. कुठे आहे तो?"

ऋजुतानं वर पाहिलं. यामिनीची नजर नळीतल्या रक्तावर होती. हात स्थिर होता. आवाजात कसलाही ताण नव्हता. नवरा शेजारच्या खोलीत असावा आणि हाक ऐकत नसावा, असा घरगुती वैताग तेवढा होता.

"बाहेर आहे, ताई," ऋजुता म्हणाली.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतक्या चटकन तोंडून गेलं.

"अजून बाहेरच? कमाल आहे!" यामिनीनं सुई काढली, कापूस दाबला. "आला की पाठव."

थोड्या वेळानं ती पुन्हा आली तेव्हा तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. मकरंद गेल्याचं तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे डोळे तेच सांगत होते.

ऋजुतानं नाडकर्णींना गाठलं.

"हे दुःखानं होतंय की किरणांनी?" त्यांनी विचारलं.

"सांगता नाही येणार, सर. कणांनी स्मृती कुरतडली जाते, उंदरांवर बघितलंय. पण काजवा छातीवर असतो, डोक्यात नाही. कुठला कण कुठे लागला, ते मला नाही सांगता येत."

"तिची मात्रा जास्त आहे का?"

"नाही. आपल्या तिघांची जवळजवळ सारखीच आहे."

नाडकर्णींनी तिच्याकडे पाहिलं. उद्या आपलंही असंच होऊ शकतं, हे दोघांच्याही मनात आलं.

यामिनीचं हरवणं वाढत गेलं. कधी जेवताना ती चौथं पाकीट गरम करायची. नाडकर्णी चकार शब्द न काढता ते संपवायचे. कधी ती मागल्या खिडकीशी जाऊन पत्र्यांच्या दिशेनं बघत राहायची. आणि प्रत्येक वेळी विचारायची, मकरंद कुठे आहे? एकदा नाडकर्णींनी खरं सांगून पाहिलं. तिनं ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऋजुताला पुढे कित्येक दिवस झोपू देईना. दुसऱ्या वेळी नाडकर्णींचा धीर झाला नाही. "बाहेर कामाला गेलाय," ते म्हणाले. मग तेच उत्तर ठरून गेलं. ते दिलं की यामिनी शांत व्हायची, थोड्या वेळानं आपली आपण परतायची.

ऋजुतालाही आता ओळ बघताना विचित्र वाटे. दिवसेंदिवस संकेत बारीक होत चालला होता, तरी शब्द तेच. 'अंगावर.' तिला कधी कधी वाटे, आपण दोघं आत बसून खोटं बोलतोय आणि तो एकटा बाहेरून रोज इमानेइतबारे हजेरी लावतोय.

वादळ आलं तेव्हा ती रोपांना पाणी देत होती.

छातीवरचा काजवा आधी थरथरला, मग कर्कश ओरडला. पाठोपाठ यानाचा आवाज आला. तो एका बाईचा शांत, ध्वनिमुद्रित आवाज होता आणि तो प्रत्येकाला नावानं हाक मारत असे. 'विश्राम नाडकर्णी, आश्रयकक्षात जा. यामिनी रणदिवे, आश्रयकक्षात जा. ऋजुता भालेराव, आश्रयकक्षात जा.' ऋजुतानं नळी सोडली आणि भिंतीला पाय मारून निघाली. तेवढ्यात तो आवाज पुढे म्हणाला:

'मकरंद रणदिवे, तुम्ही यानाच्या बाहेर आहात. ताबडतोब आत या.'

तिचे हात हवेतच थांबले. ओळ पुसली नव्हती म्हणजे नाव यंत्रणेत होतं. आणि नाव होतं म्हणजे यान त्याला हाक मारणारच. हे तिला सुचायला हवं होतं. किरणांचं सगळं खातं तिच्याकडेच तर होतं.

'मकरंद रणदिवे, ताबडतोब आत या.'

आश्रयकक्ष म्हणजे यानाच्या मधोमध, पाण्याच्या टाक्या आणि धान्याची पोती रचून केलेली मोरीएवढी जागा. नाडकर्णी तिथून यानाची इंधनानं जड शेपटी सूर्याकडे वळवत होते. ते काम सोडून त्यांना हलता येणार नव्हतं.

"डॉक्टर कुठे आहेत?" ते ओरडले.

ऋजुताला विचारायची गरजच पडली नाही. ती हवाकोठडीकडे वळली.

तो भाग यानाच्या टोकाला, पातळ भिंतींचा. जाता जाता तिच्या काजव्याचं लुकलुकणं एकसंध हिरवं झालं. कोठडीचं आतलं दार उघडं होतं. यामिनी अर्धा पोशाख चढवून पाठीवरच्या बंदाशी झटत होती. तिच्याही छातीवर तोच हिरवा उजेड होता आणि तो खालून तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "मागचा पट्टा लाव. एकटीनं होत नाही. इतक्या हाका मारताहेत आणि हा माणूस ऐकत नाही बघ. कानातलं यंत्र बंद पडलं असणार."

"ताई, आत चला."

"त्याला घेऊन येते ना. उघड्यावर आहे तो! तासाभरात होत्याचं नव्हतं होईल, तुला का मी सांगायला हवं?" तिचा हात दाराशेजारच्या हवा सोडायच्या दांड्याकडे गेला. "नाही लावत? मग असू दे. मी अशीच जाते."

खरं सांगितलं तर ती तो आवाज काढेल, झटापट करेल, दांडा ओढेल. ऋजुताला तिला उचलून न्यायचं बळ नव्हतं, आणि प्रत्येक क्षण दोघींच्या अंगातून जात होता. तिनं ओठ ओले केले.

"तो आलाय, ताई."

यामिनी थांबली. "आलाय?"

"मागच्या दारानं. आश्रयकक्षात आहे. तुमचीच वाट बघतोय."

मागचं दार असं काही यानाला नव्हतं.

'मकरंद रणदिवे, तुम्ही यानाच्या बाहेर आहात.'

"मग ही बाई का ओरडतेय?"

ऋजुतानं मनगटावरची पाटी उघडली. चौथ्या ओळीची हाक तिनं बंद केली. आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. शांततेत फक्त पंख्यांची घरघर उरली.

"नोंद व्हायला उशीर झाला," ती म्हणाली. "आता झाली."

यामिनीनं खांद्यावरून पोशाख उतरवला आणि मुकाट्यानं तिच्यामागे निघाली.

आश्रयकक्षात शिरताना ऋजुताला धाकधूक होती, की आता ती विचारणार, कुठे आहे तो? तिनं विचारलं नाही. आत आली, नाडकर्णींकडे पाहून मान हलवली, मग चौथ्या रिकाम्या जागेकडे पाहून तिच्या कपाळावरची आठी मोडली.

"किती घाबरवलंस," ती त्या जागेला म्हणाली, आणि शेजारी अंग चोरून बसली.

नाडकर्णींनी ऋजुताकडे पाहिलं. मग दार ओढून घेतलं. बसताना त्यांनी पाय आखडून घेतले. चौथ्या माणसाला अडचण होऊ नये म्हणून.

वादळ लांबलं. दिवा मंद केला होता. डोळे मिटले की काळोखात ठिणग्या दिसत, पांढऱ्या, निळसर, क्षणात विझणाऱ्या. ते कण होते, पाण्याच्या भिंतीतूनही निसटून आलेले, डोळ्याच्या आतून जाणारे. "दिसलं?" नाडकर्णी मधूनच विचारायचे. "दिसलं," ऋजुता म्हणायची. यामिनी त्या जागेकडे कान करून हळूच म्हणायची, "यालाही दिसलं."

ती त्याच्याशी बोलत होती. सासूबाईंच्या डोळ्यांचं, कोल्हापूरच्या घराला द्यायच्या रंगाचं. मध्ये थांबायची, जणू उत्तर ऐकतेय, मग हसायची. पाण्याची पिशवी फिरत होती. नाडकर्णी प्यायले, त्यांनी ती यामिनीला दिली. यामिनी प्यायली. ऋजुतानं डावीकडे हात पुढे केला आणि वाट बघत राहिली. काही वेळानं तिच्या लक्षात आलं की यामिनी त्या जागेच्या पलीकडे आहे आणि पिशवी अजून तिच्याच हातात आहे. डावीकडे ती रिकामी जागा होती. मकरंदचं पिऊन झालं की पिशवी आपल्याकडे येईल, म्हणून ती हात पुढे धरून बसली होती.

तिनं हात मागे घेतला. नाडकर्णी तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती तिनं पहिल्यांदा पाहिली.

मग यामिनी बोलायची थांबली. तिनं हात लांब करून त्या जागेतल्या पोत्यावर ठेवला. टाकीला टेकलेलं ते पोतं गार होतं. डॉक्टर नाडी बघतात तशी तिची बोटं त्याच्यावर स्थिरावली.

"ऋजुता," ती म्हणाली. आवाज बदलला होता. तपासणीच्या खोलीतला होता. "याचं अंग गार लागतंय. काजवा किती म्हणतोय?"

ऋजुताला वाटलं, अजून एक खोटं बोलता येईल. हवा तो आकडा सांगता येईल. यामिनीनं तो मानला असता. मग पृथ्वी येईपर्यंत मकरंद इथेच, दोघींच्या मध्ये बसून राहिला असता. ऋजुताला त्या जागेची भीती वाटली. तिनं पाटी उघडली आणि चौथी ओळ पुन्हा चालू केली. संकेत बाहेरच्या कल्लोळात तुटत तुटत आला.

"अकरा," ती म्हणाली. "आणि चढतोय."

"अकरा मिलि?"

"नाही, ताई. अकरा सिव्हर्ट. हजारपट."

यामिनीची बोटं पोत्यावरून हलली नाहीत.

"पाचाला माणूस जातो," यामिनी शेवटी म्हणाली. "उपचार नसतील तर."

"हो."

"मग अकराला..." तिनं पोत्यावरचा हात उचलला आणि त्याच्याकडे पाहिलं. पोत्यावर तांदळाचं नाव छापलेलं होतं. ते तिनं वाचलेलं ऋजुताला दिसलं. "हा इथे नाही."

"नाही."

"बाहेर आहे. पहिल्यापासून बाहेरच आहे."

"हो, ताई. मी मघाशी खोटं बोलले. तुम्हाला आत आणायचं होतं म्हणून."

यामिनी ताठ बसली. केस मागे सारले.

"सर, मृत्यूचा दाखला तुम्ही भरला होतात ना?" तिनं नाडकर्णींना विचारलं. "डॉक्टर मी आहे. मला तेव्हा जमलं नाही. मी त्याला बघितलंच नव्हतं. बघितल्याशिवाय डॉक्टर सही करत नाही."

"ते सगळं राहू द्या, डॉक्टर," नाडकर्णी म्हणाले.

"नाही. लिहून घ्या." ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "मकरंद शिवराम रणदिवे. वय सेहेचाळीस. मी, यामिनी रणदिवे, त्याला मृत घोषित करते."

त्यानंतर ती रडली. या वेळचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. ते माणसाचं साधं रडणं होतं, थकून थांबणारं. ऋजुतानं तिला धरून ठेवलं. डोळे मिटले की ठिणग्या उडत होत्या, आणि त्यांच्याबद्दल कुणीच कुणाला विचारलं नाही.

वादळ ओसरल्यावर यामिनीनं पहिलं काम केलं ते औषधांच्या कपाटाची किल्ली नाडकर्णींच्या हाती देण्याचं. दुसरं, ऋजुताला तपासायचं. हवाकोठडीपाशी गेलेल्या वेळाचा हिशेब काजव्यानं चोख ठेवला होता.

"तुला पुन्हा पाठवणार नाहीत," यामिनी म्हणाली. "वयाच्या पन्नाशीनंतर जे आजार बघावे लागतात ते तुला आधीपासून बघायला लागतील. माझ्यामुळे."

"ओळ मी ठेवली होती, ताई. आणि खोटंही मीच पहिल्यांदा बोलले."

यामिनीनं आकडा तिच्या नावापुढे लिहिला.

यामिनीनं मकरंदला त्यानंतर हाक मारली नाही. पण सगळं पूर्ववत झालं असंही नाही. मधूनच तिला एखादा शब्द सापडायचा नाही. एकदा ऋजुता स्वतः मधल्या बोळात तरंगत थांबली होती आणि आपण कशाला निघालो होतो, हे तिला काही केल्या आठवेना. तिनं ते लपवलं नाही. "सांगत जा," यामिनी म्हणाली. "मीही सांगेन. बाकी काही आपल्या हातात नाही."

पृथ्वी जवळ आली. 'शर्मिष्ठा'नं शेवटची दिशादुरुस्ती केली, वेग मोडला आणि उंच कक्षेत शिरली. मकरंदला वेग मोडता येणार नव्हता. तो मूळ वाटेनंच येत होता. गणितानं दाखवलं की तो हवेला न शिवता, अगदी जवळून निघून जाईल. नियंत्रण केंद्रानं विचारलं, काजवा बंद करायचा का? नाडकर्णींनी ठरवायचं यामिनीवर सोडलं. ती नको म्हणाली.

तिघंही पडद्यासमोर बसले. पृथ्वीभोवतीच्या किरणांच्या पट्ट्यांतून जाताना त्या क्षणाच्या मात्रेचा आकडा सरसर चढला. मग एकाएकी कोसळला. इतका खाली तो निघाल्यापासून कधीच आला नव्हता. त्याच्या एका बाजूचं अर्धं आकाश पृथ्वीनं झाकलं होतं.

"आत्ता कुठे आहे?" यामिनीनं विचारलं.

"हिंदी महासागरावर. खाली अंधार आहे."

तिनं खिडकीतून पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं. थोड्याच वेळात आकडा पुन्हा चढू लागला. संकेत विरत गेला. शेवटची नोंद अर्धवट आली, 'मकरंद रण', आणि मग एक पूर्ण शब्द, 'अंगावर'. पुढे नुसती खरखर.

"गेला?" नाडकर्णींनी विचारलं.

"आपल्याला ऐकू येईनासा झाला," ऋजुता म्हणाली. "तो पाठवत राहील. बॅटरी बरीच शिल्लक आहे. सूर्याभोवती फिरत राहील आणि रोज सकाळी नोंद पाठवत राहील."

"कुणाला?" यामिनीनं विचारलं.

उतरायची वेळ होत आली होती. नाडकर्णी उठून खुर्च्यांचे पट्टे तपासू लागले. संकेताचं ग्रहणयंत्र बंद करायला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही केलं नाही. खुर्चीला बांधून घेतल्यावर तिला आपल्या शेजारी यामिनीचा श्वास ऐकू येत होता, आणि मागून, रिकाम्या दालनातून, ती खरखर.